टोळ्या निघण्याआधी डोळ्यांचा दाब मोजून घ्या

केज तालुक्यातल्या माय-बापांनो, भावांनो, बहिणींनो,

दसरा तोंडावर आला आहे. मुकादमाची उचल घेऊन झाली, बऱ्याच घरांत ती खर्चूनही झाली. कुणी कोयत्याला धार लावतंय, कुणी बैलांना नाल ठोकून घेतंय, कुणी कोपीसाठी ताडपत्री बघतंय. थोड्याच दिवसांत विड्यापासून युसुफवडगावपर्यंत गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतील. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव. परत यायला पाडवा उजाडेल. मागे राहतील म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं.

निघण्याआधी एक काम करा. डोळ्यांचा दाब मोजून घ्या. जाणाऱ्यांनी मोजा, मागे राहणाऱ्यांनीही मोजा. मोजायला काही मिनिटं लागतात. रांगेत उभं राहण्यात अर्धा दिवस जाईल, तेवढा जाऊ द्या.

हा दाब म्हणजे बीपी नव्हे. बीपीची गोळी चालू आहे म्हणून डोळ्याचा दाब ठीक असेल, असं धरून चालू नका. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते सतत बाहेर जात असतं. शेतातल्या पाटासारखंच आहे हे. वरून पाणी चालू आणि खाली चारी तुंबलेली, की सगळा जोर बांधावर येतो. डोळ्यात तो जोर येतो मागच्या नसेवर. या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात, आणि आपण जे जे पाहतो ते मेंदूपर्यंत तेच पोचवतात. दाब वाढला की हे तंतू एकेक करून मरायला लागतात. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. नस अशी झिजत जाणं म्हणजेच काचबिंदू.

आणि हे सगळं होताना दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. समोरचं लख्ख दिसतं. सुईत दोरा ओवता येतो, मोबाईल वाचता येतो. जातं ते कडेचं दिसणं. बाजूने आलेली मोटारसायकल अचानक अंगावर आल्यासारखी वाटते. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. म्हातारा उंबऱ्याला अडखळला की घरचे म्हणतात, वय झालं. भारतात गावोगाव जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू निघालेल्या दहातल्या नऊ जणांना तो आहे हे तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि डोळ्यानेही सांगितलं नव्हतं.

म्हणून लक्षणाची वाट पाहू नका. चाळिशी ओलांडली असेल तर एकदा मोजाच. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीचीही वाट पाहू नका, कारण अशा घरात धोका कित्येक पटींनी जास्त असतो. साखरेचा आजार असेल, डोळ्याला कधी जोराचा मार बसला असेल, चष्म्याचा नंबर मोठा असेल, तर या आठवड्यातच जा. चष्म्याच्या दुकानात कम्प्युटरवर डोळे तपासून घेतले, असं पुष्कळजण सांगतात. तो नंबर झाला. त्यात दाब आलाच असं नाही. तोंड उघडून विचारा: माझा दाब किती आहे?

आपल्या भागाला डोळ्यांच्या शिबिरांची चांगली ओळख आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातून आलेले डॉ. तात्याराव लहाने अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून त्यांनी राज्यभर शिबिरं घेतली. त्यांच्यासारख्या डॉक्टरांमुळे हजारो म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली आणि नातवाचं तोंड दिसलं. पण त्यातून एक समजूतही गावात रुजली. डोळा गेला तरी काय, ऑपरेशन केलं की येतो. मोतीबिंदूत ते खरं आहे. काचबिंदूत नाही. काचबिंदूने गेलेली नजर जे. जे.मध्ये परत येत नाही, मद्रासला येत नाही, अमेरिकेतही येत नाही. उरलेली तेवढी वाचवता येते. म्हणून शिबिराची गाडी गावात येईल तेव्हा बघू, हा हिशोब इथे चालत नाही.

आणखी एक वाक्य घराघरांत ऐकू येतं: मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या. पिकू देऊ नका. फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा झिरपतो आणि तोच डोळ्याचा दाब एकदम वर नेतो. मग ज्या डोळ्याला साध्या ऑपरेशनने दिसलं असतं, तो डोळा कायमचा जातो. तुमच्या घरात कुणाला मोतीबिंदू सांगितला असेल आणि सुगी होऊ द्या, लग्न उरकू द्या, असं चाललं असेल, तर ते थांबवा. हंगामाला जाण्याआधी त्या माणसाची तारीख घ्या. तुम्ही गेल्यावर त्याला दवाखान्यात नेणारं कोण आहे घरात?

आता फडावर जाणाऱ्यांशी बोलतो.

उसाचं पातं डोळ्याला लागणं तुम्हाला नवीन नाही. पाचट उडतं, कुसळ जातं, डोळा लाल होतो, ठणकतो. काम बंद ठेवलं तर खाडा पडतो. मग कुणीतरी कारखान्याच्या गावातल्या मेडिकलवर जाऊन थेंबाची बाटली आणतं. एका थेंबात लाली जाते. एका दिवसात बरं वाटतं. ती बाटली मग कोपीच्या बांबूला अडकवलेल्या पिशवीत राहते, आणि पुढे ज्याचा डोळा लाल होईल त्याच्या डोळ्यात तीच पडते. इथे घात आहे. असं झटपट बरं वाटणाऱ्या पुष्कळ थेंबांत स्टिरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी त्यांची नावं. दोन-चार आठवडे हे थेंब चालू राहिले तर साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्याचा दाब वाढतो, आणि काहींचा फारच वाढतो. शिवाय पातं लागून बुबुळावर जखम झाली असेल, तर त्यात बुरशी धरते आणि स्टिरॉइडने ती फोफावते. एकाच बाटलीने डोळा दोन बाजूंनी जातो.

लेकरांच्या बाबतीत तर आणखी जपा. उन्हाळा लागला, धूळ उडाली की काही पोरांचे डोळे खाजतात, दिवसभर चोळतात, लाल होतात. दरवर्षी होतं. आई दुकानातून थेंब आणते, पोराला आराम पडतो, म्हणून पुन्हा आणते. असं दोन-तीन उन्हाळे चाललं आणि पोर शाळेत फळ्याकडे मान वाकडी करून बघू लागलं, तर तोवर नस वाळत आलेली असू शकते. वय बारा, आणि काचबिंदू. हे टाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

चिठ्ठीशिवाय डोळ्याचा थेंब घेऊ नका. घरातली जुनी बाटली आत्ताच काढून बघा. त्यावर लाल रेघ असेल, वर सांगितलेल्या नावांपैकी एखादं असेल, तर ती उरलीसुरली बाटली टाकून द्या. डॉक्टरांनीच ते थेंब दिले असतील तर मनाने बंद करू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते काही आठवडे लागतातच. पण किती दिवस टाकायचे हे विचारा, आणि ते दिवस संपले की पुन्हा बाटली विकत आणू नका. डोळ्याला पातं लागलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. एक खाडा पडेल, पडू द्या.

मेडिकलवाल्या भावांनो, तुम्हीही आमच्यातलेच. समोरचा माणूस घाईत असतो, चारदा विनवतो, हे कळतं. तरी चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचा थेंब देऊ नका. कायद्यात तसं आहेच. मुकादमांनो, टोळीतला एखादा डोळा धरून बसला तर त्याला फडावरून सोडा, पैशासाठी अडवू नका. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. त्यातला एक आंधळा झाला तर अर्धा कोयता राहतो आणि उचल मात्र पूर्ण फेडायची असते. त्या घरातली पोरगी मग शाळेतून निघते आणि बापाचा हात धरते. तुम्ही अशी घरं पाहिली आहेत. तुम्हाला ते सांगायला नको.

आणि ट्रॅक्टरवाल्यांनो! दोन ट्रॉल्या ऊस मागे लावून रात्री रस्त्याला लागणारा माणूस कडेचं बघू शकत नसेल, तर धोका त्याच्या एकट्याच्या डोळ्याला उरत नाही. मांजरसुंब्याकडून केजकडे येणाऱ्या रस्त्यावर कडेने सायकलवर कुणाचं तरी पोर येत असतं. लायसनचं काम करायला जाता, तसंच हेही करून या.

आता चांगली गोष्ट सांगतो, कारण ती खरंच चांगली आहे. दाब वेळेवर कळला तर तो उतरवता येतो, आणि उतरवला तर बऱ्याच जणांचा काचबिंदू होण्याआधीच अडतो. अमेरिकेत १,६३६ माणसांवर याचा मोठा अभ्यास झाला, २००२ साली तो छापून आला. सगळे ४० ते ८० वयाचे, डोळ्यांचा दाब वाढलेला, पण नस अजून शाबूत. निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांवर नुसती नजर ठेवली. थेंबांनी दाब साधारण पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त उतरला. पाच वर्षांनी पाहिलं तर बिनथेंबाच्या शंभरांतल्या साडेनऊ जणांना काचबिंदू लागला होता. थेंब टाकणाऱ्यांत तो आकडा साडेचारच्याही आत राहिला. निम्म्याहून कमी.

हाच आकडा नीट वाचला तर दुसरंही कळतं. थेंब न टाकताही शंभरांतले नव्वद जण त्या पाच वर्षांत बचावले होते. म्हणजे दाब थोडा वर निघाला की घाबरून जायचं कारण नाही, आणि प्रत्येकाला जन्मभर औषध लागेलच असंही नाही. साधारणपणे १० ते २१ हा आकडा ठीक मानतात. त्यावर गेला तर डॉक्टर नस कशी आहे ते बघतात, बुबुळाची जाडी मोजतात, कडेचं किती दिसतं याची पेरिमेट्री करतात, वय आणि घराणं विचारतात. मग ठरवतात, औषध की नुसती नजर. उलटही होतं. काहींचा आकडा २१च्या आत असतो आणि तरी नस झिजलेली निघते. म्हणून दाब मोजाच, पण नसही बघा, असं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तपासणीची भीती वाटते, डोळ्याला यंत्र लावतात म्हणून. ती काढून टाका. आधी एक थेंब टाकतात, त्याने डोळा बधिर होतो. मग पिवळं औषध. हनुवटी पट्टीवर टेकवायची, कपाळ पुढच्या पट्ट्याला लावायचं, समोर बघायचं. निळा उजेड अगदी जवळ येतो. डॉक्टर बाजूचं छोटं चाक हळूच फिरवतात. त्यांना आतून दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसत असतात. ती कडेला कड भिडली की चाकावरचा आकडा वाचायचा. झालं. काही ठिकाणी यंत्र हवेची फुंकर मारतं. दचकायला होतं, दुखत नाही. आकडा कागदावर लिहून मागा. उजवा डोळा, डावा डोळा, तारीख. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

आणि थेंब सुरू झाले, तर सोडू नका. पुष्कळ डोळे इथेच जातात. थेंब टाकल्याने काही जास्त दिसू लागत नाही. उलट थोडं चुरचुरतं. मग माणूस म्हणतो, काही फरकच नाही, आणि बाटली संपली की विषयही संपतो. फरक जाणवत नाही म्हणजे औषध काम करत नाही, असं नव्हे. आहे तेवढी नजर राखायची, एवढंच त्याचं काम आहे, आणि ते रोज करायचं आहे. हंगामातही. खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका, डोळा मिटा, नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. रात्रीचा थेंब असेल तर भाकरी खाऊन झाली की लगेच टाका, मग पहाटे तीनला गाडी भरायला उठायचं असलं तरी तो चुकणार नाही. बाटली उन्हात, ताडपत्रीखाली ठेवू नका, पाण्याच्या घागरीजवळ ठेवा.

निघण्याआधी डॉक्टरांना सांगा की मी पाच-सहा महिने नाही. त्या हिशोबाने औषध लिहून घ्या. चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे कारखान्याच्या गावातही तेच औषध मागता येईल. टिमोलॉलसारखी जुनी औषधं फार महाग नाहीत. जनऔषधी केंद्रात विचारा. पण दमा असेल, नाडी मंद चालत असेल, तर ते आधीच सांगा. दमेकऱ्याला टिमोलॉल घातक ठरतं. शेजाऱ्याची बाटली म्हणून तर अजिबात टाकू नका. रोजच्या थेंबांचं जमणारच नसेल तर लेझरचं विचारा. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात आधी लेझर घेतलेल्या चारांतल्या तिघांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. २०१९ सालची ही गोष्ट. लेझर सगळ्यांना चालत नाही आणि सगळीकडे मिळतही नाही, पण सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या माणसाने तरी ते विचारलंच पाहिजे.

एक प्रकार मात्र असा आहे की त्यात तासही मोजावे लागतात. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये तो जास्त दिसतो. संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. मग एकाएकी एक डोळा लाल होतो, अर्धं डोकं फुटतं, उलट्या होतात, धूसर दिसतं. घरचे म्हणतात पित्त झालं, अर्धशिशी उठली. गोळी देऊन झोपवतात. सकाळपर्यंत डोळा गेलेला असू शकतो. असं झालं तर सकाळची वाट पाहू नका. शेजाऱ्याची जीप मागा, रात्रीच अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्वाराती रुग्णालयात न्या, आणि दारातच सांगा की डोळा लाल आहे आणि उलट्या होतायत. वेळेत पोचलात तर औषधाने दाब उतरतो, लेझरने बारीक वाट करून देतात, आणि दुसऱ्या डोळ्यालाही तीच वाट आधीच करून ठेवतात. मागे राहणाऱ्या आजीबाईला, शेजारणीला, मोठ्या नातीला ही लक्षणं आत्ताच समजावून सांगा. तुम्ही फडावर असाल, फोन त्यांनाच करायचा आहे.

सरपंचांनो, ग्रामसेवकांनो, मंडळाच्या पोरांनो, तुम्हालाही काम आहे. नेत्यांच्या वाढदिवसाला डोळ्यांची शिबिरं होतात, चष्मे वाटले जातात, फोटो निघतात. होऊ द्या. फक्त यावेळी दाब मोजायचं यंत्र आणि ते वापरणारा माणूस बोलवा. आणि शिबिर दसऱ्याच्या आत घ्या. टोळ्या गेल्यावर घेतलेल्या शिबिरात खुर्च्या तेवढ्या राहतील.

तोवर कुणासाठी थांबू नका. केजच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. केस पेपरला आणि तपासण्यांना पैसे लागत नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तशी सोय आहे. नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात ते आशाताईला आधी विचारून ठेवा. तिथून पुढे पाठवलं तर अंबाजोगाईला किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात जा, पाठवलेला कागद घरात ठेवून बसू नका. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा फुले योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला विचारा.

जाताना जुन्या चिठ्ठ्या न्या. घरातल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या, चालू गोळ्या एका पिशवीत घालून न्या. काही खाऊन जा. नस बघायला बाहुली मोठी करणारं औषध टाकतात, त्याने तीन-चार तास धूसर दिसतं, म्हणून येताना मोटारसायकल स्वतः चालवू नका. कुणाला तरी सोबत न्या. आणि जो सोबत येईल त्याचाही दाब तिथल्या तिथे मोजून घ्या.